नारायणन काय बोलले होते

"मॅडम, राष्ट्रपतींचं भाषण सरकारच लिहून देतं ना? मग ते ऐकायचं कशाला?"

बारावीच्या राज्यशास्त्राच्या तासाला हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि प्रश्न खरा आहे. कलम ८७ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात राष्ट्रपती दोन्ही सभागृहांपुढे जे अभिभाषण करतात, ते मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं असतं. राष्ट्रपती 'माझं सरकार' म्हणतात, सरकारने काय केलं आणि काय करणार ते वाचून दाखवतात. मग आभाराचा ठराव येतो, चर्चा होते, मतदान होतं. कधीतरी राज्यसभेत विरोधकांची दुरुस्ती मंजूर होते, २०१५ आणि २०१६ मध्ये लागोपाठ झाली होती, पण असं क्वचित. पुस्तकात एवढंच आहे आणि परीक्षेला तेवढं पुरतं.

मी मात्र तिथे थांबत नाही. फळ्यावर तीन तारखा लिहिते. २५ जानेवारी २०००, २७ जानेवारी २०००, २१ मार्च २०००. तिन्ही दिवशी बोलणारा माणूस एकच, के. आर. नारायणन. पहिली दोन भाषणं घरातल्या कारभाराबद्दल, तिसरं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसमोर. माझं म्हणणं असं की ही तीन भाषणं वेगळी नाहीतच. जगातल्या बलाढ्याकडे या माणसाने जी बरोबरीची वागणूक मागितली, तीच त्याने आधी दोन महिने आपल्या घरातल्या बलाढ्यांकडे मागितली होती. म्हणून तर मागायचा हक्क होता.

नारायणन कोण होते हे आमच्या लातूरकडच्या मुलांना आता सांगावं लागतं. केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यातलं उळवूर गाव, दलित घर, शाळेला मैलोन् मैल पायी. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं राहून धडा ऐकलेला मुलगा. पुढे टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिथे राज्यशास्त्राचे नामांकित प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांचे विद्यार्थी. लास्कींनी नेहरूंच्या नावे चिठ्ठी दिली आणि हा तरुण परराष्ट्र सेवेत आला. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये आपला राजदूत नव्हता. १९७६ मध्ये पुन्हा पाठवायचं ठरलं तेव्हा नारायणन गेले. १९८० ते १९८४ वॉशिंग्टनला राजदूत. मग खासदार, मंत्री, उपराष्ट्रपती, आणि २५ जुलै १९९७ ला राष्ट्रपती. फेब्रुवारी १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत ते इतर मतदारांसारखे रांगेत उभे राहिले आणि मत दिलं. पदावर असताना लोकसभेसाठी मतदान करणारे ते पहिले राष्ट्रपती. तोवर राष्ट्रपतींनी मत द्यायचं नाही असा रिवाज होता. कायदा नव्हता, रिवाज होता.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. १४ ऑगस्ट आणि २५ जानेवारी या दोन रात्री आमच्या घरी रेडिओ लागायचा आणि राष्ट्रपतींचं भाषण पूर्ण ऐकायचं असा नेम होता. नारायणन आल्यापासून त्यांनी आईलाही चूल सोडून बसायला लावलं. वडिलांना कार्यक्रमाची भाषा फारशी येत नसे. ते एवढंच म्हणायचे, "हा माणूस सरकारचं बोलतोय, पर त्यात आपलं बी बोलतोय." राष्ट्रपतिपदाबद्दल यापेक्षा नेमकं वाक्य मला अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

२५ जानेवारी २००० चं भाषण म्हणजे प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं पूर्ण झाल्याच्या आदल्या रात्रीचं. त्या वेळी सगळीकडे उदारीकरणाची हवा होती. अशा रात्री देशाचा प्रथम नागरिक काय बोलेल? कौतुकच करेल, असं कुणालाही वाटावं. नारायणन यांनी कौतुक केलं, आणि मग सांगितलं की देशातला अर्धा समाज बाटलीतली थंड पेयं घटाघट पितोय आणि उरलेल्या अर्ध्याला ओंजळभर गढूळ पाण्यावर भागवावं लागतंय. उदारीकरण, खासगीकरण, जागतिकीकरण या तीन पदरी वेगवान रस्त्यावर पायी चालणाऱ्या भारताला ओलांडायला सुरक्षित जागा हवी, असंही म्हणाले. आणि पुढे इशारा दिला: फार काळ सोसत आलेल्या, धीर धरलेल्या माणसांच्या रागापासून सावध राहा.

ओंजळभर गढूळ पाणी. हे ऐकताना आई मान खाली घालून बसली होती. तिला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात झिरा खांदायचा. हातभर, दीड हात वाळू उपसली की तळाला ओल दिसते. मग बसायचं. पाणी कडेने झिरपत येतं, वाटीच्या बुडाएवढं होतं, की ॲल्युमिनियमच्या वाटीने अलगद उचलायचं. जोरात वाटी घातली तर तळ ढवळतो आणि पुन्हा निवळायची वाट बघावी लागते. घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं बांधलेलं. वाटी ओतली की फडक्यावर तांबूस थर बसायचा, तो झटकायचा, पुन्हा बांधायचं. एक घागर भरायला सकाळ जायची. आमच्या वस्तीचा झिरा वेगळा, खालच्या अंगाला. वरच्या झिऱ्याजवळ आम्ही जायचं नाही, हेही त्यात आलंच.

दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातून देशाशी बोलणाऱ्या माणसाने ते पाणी भाषणात आणलं. आकडेवारीच्या तक्त्यात नव्हे, थेट भाषणात. १६ वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मांजरा धरण कोरडं पडल्यावर मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं गेलं. त्याच्या आधीच्या महिन्यात शहरातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. टँकरमागे धावणाऱ्या बायकांची चित्रं साऱ्या देशाने टीव्हीवर बघितली. मी त्या वर्षी वर्गात नारायणन यांचं ते भाषण वाचून दाखवलं, तेव्हा भाषणाची तारीख सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसेना.

दोनच दिवसांनी, २७ जानेवारीला, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सुवर्णमहोत्सवाचा समारंभ होता. तेव्हा वाजपेयी सरकार राज्यघटनेचा आढावा घेण्याच्या विचारात होतं आणि पंतप्रधानांनी त्याच समारंभात आढाव्याची गरज मांडली. नारायणन यांनी त्याच व्यासपीठावरून विचारलं की राज्यघटना बदलण्याची, अगदी नवी लिहिण्याचीही चर्चा चालू असताना आधी हे तपासायला हवं की राज्यघटनेने आपल्याला दगा दिला की आपणच तिला दगा दिला. राजेंद्रप्रसादांच्या संविधान सभेतल्या शब्दांचा आधार घेऊन त्यांनी सांगितलं की निवडून आलेली माणसं लायक आणि सचोटीची असतील तर सदोष घटनेतूनही चांगलं काम होतं.

हे भांडण नव्हतं. सरकारच्या धोरणाला राष्ट्रपतींनी जाहीर विरोध केला असं म्हणणाऱ्यांनी भाषण नीट वाचलेलं नाही. त्यांनी प्रश्न विचारला, तोही पंतप्रधान समोर असताना, देशाच्या प्रतिनिधींपुढे. पुढच्या महिन्यात, २२ फेब्रुवारीला, न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला तो घटनेच्या कामकाजाचा आढावा घेण्यासाठी. घटनेची मूळ चौकट आणि संसदीय पद्धत जागेवरच ठेवायची, हे त्याला घालून दिलेलं होतं. त्यामागे एकट्या नारायणन यांचं भाषण होतं असं मी म्हणणार नाही; विरोधी पक्ष होते, आंबेडकरी संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या, आमच्याकडेही सभा झाल्या होत्या. पण त्या सभांमध्ये वक्ते नारायणन यांचं वाक्य म्हणून दाखवायचे हे मी स्वतः ऐकलं आहे. देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाने विचारलेला प्रश्न तालुक्याच्या चौकात, मांडवाखाली पोचला होता.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. तिथले मुख्यमंत्री कल्याणसिंग यांनी नुकताच विधानसभेत विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. नारायणन यांनी शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने विषय सोडून दिला. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारबद्दल तशीच शिफारस केली, तीही परत गेली. म्हणजे एकदा भाजपचं राज्य सरकार वाचलं, एकदा राबडीदेवींचं. ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण हल्ली मुलं आधी विचारतात, "ते कोणत्या पक्षाचे होते?" १९९९ च्या फेब्रुवारीत बिहारची शिफारस दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी सही केली. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ७४ काय सांगतं? एकदा परत पाठवता येतं, दुसऱ्यांदा आलेला सल्ला मानावा लागतो. जिथवर हात पोचतो तिथवर त्यांनी पोचवला, आणि जिथे घटनेची रेघ होती तिथे थांबले. आपण काम करणारे राष्ट्रपती आहोत, शिक्का मारणारे नाही, पण घटनेच्या चौकटीतच, असं त्यांचं स्वतःचंही म्हणणं होतं.

आता तिसरी तारीख.

मार्च २००० मध्ये बिल क्लिंटन आले. १९७८ मधल्या कार्टर यांच्यानंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष २२ वर्षांनी भारतात येत होता. पोखरणच्या चाचण्यांना दोन वर्षं होत आली होती, अमेरिकेचे निर्बंध होते, कारगिल होऊन वर्षही झालं नव्हतं. दौऱ्याच्या तोंडावर क्लिंटन म्हणाले होते की भारतीय उपखंड आणि काश्मीरमधली नियंत्रण रेषा ही आज जगातली सर्वांत धोकादायक जागा म्हणता येईल. २० मार्चला काश्मीरमधल्या छत्तीसिंगपुऱ्यात शिखांचं हत्याकांड झालं. आणि २१ ला राष्ट्रपती भवनात मेजवानी.

मेजवानीची भाषणं कशी असतात ते आपण जाणतो. दोन्ही देशांची मैत्री, लोकशाही, गांधीजी, मार्टिन ल्यूथर किंग, मग पेला उंचावायचा. नारायणन मैत्रीबद्दल, दोन लोकशाह्यांबद्दल मनापासून बोलले. आणि मग पाहुण्यासमोर शांतपणे म्हणाले की या उपखंडाला सर्वांत धोकादायक जागा म्हटलं जातंय. अशा घाबरवणाऱ्या वर्णनांनी शांतता मोडू पाहणाऱ्यांनाच बळ मिळतं. अण्वस्त्र आधी वापरणार नाही असं आम्ही जाहीर केलं आहे, धोका आमच्याकडून नाही. असं वचन द्यायला जे तयार नाहीत त्यांच्याकडून आहे.

त्याच भाषणात त्यांनी एका आफ्रिकी नेत्याचं म्हणणं सांगितलं: जग एक खेडं झालं म्हणून ते खेडं एकच पाटील चालवणार असा त्याचा अर्थ होत नाही. आणि स्वतःची भर घातली, की आमच्या लेखी हे खेडं पंचायतीने चालवावं.

अमेरिकी वर्तमानपत्रांत कुरकुर झाली. आपल्याकडेही काहींना ते रुचलं नाही. पाहुणा जेवायला बसल्यावर असं बोलतात का, असा सूर होता. मला हा आक्षेप कधीच पटला नाही. अण्वस्त्र आधी न वापरण्याची भूमिका भारत सरकारचीच होती. राष्ट्रपतींनी सरकारविरुद्ध एक अक्षर उच्चारलं नव्हतं. सरकार जे कागदोपत्री म्हणत होतं ते त्यांनी समोरासमोर म्हटलं, एवढंच. चार वर्षं वॉशिंग्टनमध्ये काढलेला राजदूत होता तो. कोणतं वाक्य कुठे लागतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी क्लिंटन यांनी संसदेत सांगितलं की काश्मीरच्या वादात मध्यस्थी करायला ते आलेले नाहीत. मेजवानीतल्या शब्दांनी संबंध बिघडले नाहीत, उलट त्या दौऱ्यापासून ते सुधारतच गेले.

पाटील म्हणजे काय, हे आमच्या घरात पुस्तकातून कळलेलं नाही. निजामाच्या राज्यात वरचा हुकूम हैदराबादहून यायचा आणि खालचा वाड्यातून. वाड्यापुढून जाताना आजोबा पायताण काढून हातात धरत. सांगावा आला की हातातलं टाकून जायचं, कशाला बोलावलंय हे विचारायचं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, हैदराबादचा हुकूम संपला. वाड्याचा संपायला फार वर्षं गेली. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या भागात वस्त्या पेटल्या. आमची वस्ती जळाली नाही, पण गावाने किराणा बंद केला, रानातलं काम बंद केलं. वडिलांनी बदली मागून घेतली आणि आम्ही गाव सोडलं.

गावात राहिलेली माझी चुलती ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आली. पहिल्या बैठकीला खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि तिला खाली सतरंजीवर बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. म्हणाली, "खुर्ची सरकारनं ठिवलीया, तुमच्या घरची न्हाई." आणि बसली. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीची नोटीस मात्र तिच्यापर्यंत पोचली नाही, आणि त्यासाठी तिला तहसीलला खेटे घालावे लागले.

म्हणून नारायणन यांचं पंचायतीचं वाक्य मला आवडतं आणि पुरेसं वाटत नाही. पंचायत आली म्हणजे पाटील गेला असं होत नाही. संयुक्त राष्ट्रांत १९३ देश आहेत, पण सुरक्षा परिषदेत नकाराधिकार पाचांच्याच हाती आहे, बाकीचे सतरंजीवर. आणि १० मे २०२५ ला भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची पहिली घोषणा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावर केली, पुढे कितीदा तरी श्रेय घेतलं. दोन्ही लष्करांच्या अधिकाऱ्यांमध्ये थेट बोलणं होऊन ते ठरलं, असं भारताला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. वर्गातल्या मुलांनी ते सगळं मोबाइलवर बघितलेलं असतं. २१ मार्च २००० चं भाषण वाचायला दिलं की त्यांना ते जुनं वाटत नाही.

घरात ज्याला खाली बसवलं जातं त्याच्याबद्दल बोलायची ज्याची तयारी आहे, तोच बाहेर बरोबरीची खुर्ची मागू शकतो. नारायणन यांनी जानेवारीत गढूळ पाण्याचं नाव घेतलं नसतं तर मार्चमधलं पाटलाचं वाक्य नुसतं टाळ्यांचं वाक्य ठरलं असतं. आज परराष्ट्र धोरणावरच्या भाषणांना टाळ्या भरपूर पडतात. त्याच तोंडून घरातल्या पाण्याबद्दल काय येतं, हे मी मुलांना शोधायला सांगते.

एका बाबतीत माझं समाधान नाही, आणि तेही मी वर्गात लपवत नाही. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गुजरातेत दंगली झाल्या तेव्हा नारायणन राष्ट्रपती होते, कार्यकाळ जुलैपर्यंत होता. त्यांनी पंतप्रधान वाजपेयींना पत्रं लिहिली, भेटून सांगितलं, पण सरकारकडून हवी तशी पावलं उचलली गेली नाहीत. हे त्यांनी स्वतः २००५ मध्ये एका मल्याळम मासिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला ते गेले.

"मग त्यांनी तेव्हा टीव्हीवर येऊन का नाही सांगितलं?" हे मुलं विचारतातच. मी त्यांना कलम ७४ पुन्हा वाचायला लावते. पंतप्रधानांशी झालेला पत्रव्यवहार राष्ट्रपतींनी चव्हाट्यावर आणायचा नसतो, तो आणला तर सरकार आणि राष्ट्रपती यांच्यातला विश्वास उरत नाही. हे सगळं खरं आहे, मीच शिकवते. तरी ज्या माणसाने पंतप्रधानांसमोर घटनेचा प्रश्न विचारला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसमोर पाटलाची गोष्ट सांगितली, त्याचे त्या महिन्यांतले सर्वांत मोलाचे शब्द पाकिटात बंद राहिले याची मला हळहळ वाटते. ती पत्रं मागण्याचे प्रयत्न झाले, लोकांपुढे ती अजून आलेली नाहीत. दोन तपं होत आली. पत्र लिहिणारा नाही, ज्यांना लिहिलं तेही नाहीत. आता ती खुली करावीत. माझ्या वर्गातल्या मुलांना तीन भाषणांच्या शेजारी ठेवून वाचायला ती हवी आहेत.